कातळोबाचा कौल

कातळगावात शिंकायचीसुद्धा चोरी होती. कालिंदी वरच्या आळीत शिंकली की खालच्या आळीत कुणीतरी काढा उकळायला ठेवी, आणि दिवेलागणीपर्यंत पेठेत बातमी पोचे की दत्ताराम शिंप्याच्या पोरीच्या छातीत धरलंय. पेठ म्हणजे तरी काय, एक रस्ता. सकाळी त्याच्या या अंगाला ऊन, दुपारी त्या अंगाला. माणसं सावलीबरोबर ओटे बदलत, आणि ओटा बदलला की तीच गोष्ट नव्यानं सांगत.

रस्त्याच्या या अंगाला कालिंदीचं घर. पुढं बापाचं शिवणयंत्र, मागं चूल. आणि त्या अंगाला, अगदी नाकासमोर, घासलेटाचं नि वाणसामानाचं दुकान. त्या दुकानातल्या चिंतामणीशी तिचं लग्न ठरत होतं. चिंतामणी वाईट नव्हता. तो होता, इतकंच. तागडीमागं तो लहानाचा मोठा झाला, आणि होताना कालिंदीनं तो खिडकीतून रोज पाहिला. त्याला मिसरूड फुटलेलं तिनं पाहिलं, ते त्याला शोभत नाही हेही पाहिलं. उद्या त्याला टक्कल पडणार, तेही पाहायचंच होतं. फक्त रस्त्याच्या त्या बाजूनं.

लग्न म्हणजे कसं, डोंगर ओलांडावा, खाडी उतरावी, निदान एखादा ओढा तरी आडवा यावा! हिच्या वाट्याला आलं गटार. जात्यावर बसली की कालिंदी गळा मोकळा सोडून द्यायची, कारण जात्याच्या घरघरीत बोललेलं बापाला ऐकू जात नसे:

माहेरीच्या मोरीतलं पाणी सासरी गं गेलं
लेकीआधी सांडपाणी नांदायला पोचलं!

आई असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. पण आई तीन पावसाळ्यांमागं गेली. माय मरो नि मावशी उरो म्हणतात, तर उरलेली मावशी मुंबईत, लालबागला. मालन मावशी. गोमा पाटलाच्या चाळीत तिची खाणावळ होती. दिवाळीनंतर तिचा पाय मोरीत घसरला, उजवं मनगट मोडलं, आणि भाकऱ्या थापायला कुणीतरी हवं म्हणून दत्तारामनं लेकीला आगबोटीत बसवलं. "म्हयनाभराक," तो म्हणाला.

महिनाभराचे किती महिने झाले ते कालिंदीनं मोजलं नाही. मोजलं की संपतं.

तिला लालबाग आवडलं ते गिरण्यांसाठी नाही, की दिव्यांसाठी नाही. ती पहिल्या दिवशी कोथिंबीर आणायला खाली उतरली, बाजाराच्या टोकापर्यंत गेली, परत आली, आणि वाटेत तिला एका माणसानंही विचारलं नाही, "कोणाचा गो तू?" ती जिन्यात थांबली. खात्री करून घ्यायला पुन्हा खाली गेली, आणखी कोथिंबीर घेऊन आली. मावशी म्हणाली, "एवढी कोथमीर कित्याक? म्हशी पाळूच्यो हत?" कालिंदी हसली आणि वरवंट्यावर नवी ओवी लागली:

लालबागेच्या बाजारी माझं नाव कुणा ठावं?
नाव नाही ठावं बाई, त्याचं सुख किती गावं!

अर्थात देवानं सुखात खडा टाकलेलाच असतो. मावशीच्या पंगतीला बसणारे सगळे कातळगावचेच. चाळीच्या वरच्या मजल्यावर गावाची खोली होती. गिरणीत काम करणारे गावचे गडी तिथं पाळीपाळीनं झोपत, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उलगडे. खोलीच्या कोपऱ्यात, देवळीत, गावच्या डोंगरावरून आणलेला कातळोबाचा पाषाण. कुणाच्या तरी पणज्यानं डोक्यावरून तो बोटीत आणला होता. गुणाजी नाना हा गावाचा मानकरी. गिरणीत माणसं लावणारा जॉबर, खोलीत पुजारी, पंगतीत न्यायाधीश. कुणी शिमग्याला गावी जायचं, कुणाच्या भावाला गिरणीत चिकटवायचं, कुणाच्या म्हशीचा वाद, सगळ्याला कातळोबाचा कौल लागे. कालिंदी खाडी ओलांडून पळाली होती खरी. कातळगाव तिच्याआधी बोट पकडून येऊन बसलं होतं.

तरी हे गाव जिन्यापर्यंतच पुरे. जिना उतरलं की मुंबई.

त्या दिवसांत गिरणगावाच्या भिंतीसुद्धा गप्प बसत नव्हत्या. सत्तावन्नची निवडणूक तोंडावर आलेली. रोज नवी पत्रकं, नवी भित्तिचित्रं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी हातभर अक्षरं. ती चिकटवायची खळ शिजे मालन मावशीच्या मोठ्या पातेल्यात. मैदा, पाणी, आणि उंदरांनी महाराष्ट्र कुरतडू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ती खळ न्यायला रखमा यायची. शेजारच्या चाळीतली, गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला, कालिंदीच्याच वयाची. गेल्या दसऱ्याला ती घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली होती. बोलायला लागली की मागावरचा धोटा इकडून तिकडं जावा तसं.

तर अशात एका शुक्रवारी दत्ताराम शिंपी दारात उभा राहिला. हातात फणसाच्या साठांची पुरचुंडी, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर आगबोट लागल्याचा पिवळेपणा.

"चल, कपडे भर," तो पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाला. "सोमवारच्या बोटीन जावचा आसा. चिंतामणीच्या बापाशीक मी शब्द दिलंय."

कालिंदीनं तोंड उघडलं. मनात वाक्य तयार होतं, चांगलं लांबलचक. बाहेर आलं ते एवढंच, "होय बाबा."

तिनं आशेनं मावशीकडं पाहिलं. मावशी हात झटकत म्हणाली, "घेवन जावा एकदाची, भावोजी! माझो हात बरो झालो. भाकरी करता ती बारा कोनाची, आमटीत मीठ दोनदा. गेली म्हणजे सुटले मी."

कालिंदीला ते तव्याच्या चटक्यापेक्षा लागलं. बारा कोन! आठ म्हणाली असती तर एक वेळ खरं होतं.

दुसऱ्या दिवशी रखमा खळ न्यायला आली तेव्हा कालिंदी गॅलरीत सुकट निवडत बसली होती. सुकटीपेक्षा डोळे खारट.

"सरळ सांग ना बापाला, नाही जायचं म्हणून," रखमा म्हणाली.

"तसं सांगायची रीत नाही आमच्यात."

"मग काय रीत आहे?"

"देवाला विचारायचं."

"बरं. आणि तुमचा देव काय म्हणणार?"

कालिंदीनं सुकटीचं एक डोकं खुडून टाकलं. तिच्या डोळ्यांत अचानक काहीतरी हललं. "मी सांगेन ते," ती म्हणाली.

रात्रीच्या पंगतीला तिनं हात सैल सोडून कालवण वाढलं. गुणाजी नानांच्या ताटात बांगड्याची मधली तुकडी गेली, मग आणखी एक गेली, आणि मग तिनं अगदी गरीब आवाजात विचारलं, "नाना, एक इचारू? लग्नासारखी गोष्ट, आणि कातळोबाक इचारूक नाय... चालता?"

नानांचा घास हातात राहिला. "कोण म्हणता चालता?"

झालं. पंगतीत ठिणगी पडली. एकजण म्हणाला, माझ्या बहिणीच्या लग्नात विचारलं नाही, तर लग्नातली डाळ करपली. दुसरा म्हणाला, डाळीचं काय घेऊन बसलास, माझ्या चुलत्यानं विचारलं नाही तर नवरीच बदलून आली. तिसऱ्याला काही आठवेना, म्हणून त्यानं पहिल्याचीच डाळ पुन्हा करपवली. दत्ताराम म्हणाला, "अरे, पण शब्द दिलंय मी!" नाना म्हणाले, "शब्द माणसाचो. कौल देवाचो. मोठो कोण?" याच्यावर कातळगावचा कुठला माणूस बोलणार?

ठरलं. उद्या रविवार, गिरणी बंद. सकाळी कौल लावायचा. देवाच्या छातीवर दोन पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडं एक, डावीकडं एक. उजवी आधी पडली तर पोर मुंबईला राहील. डावी पडली तर सोमवारची बोट.

मावशी चुलीशी पाठ करून बसली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "डावीच पडतली. देवाक अक्कल आसा."

रविवारी उजाडताच खळ शिजली आणि निवायला गॅलरीत ठेवली गेली. नानांनी देवाला आंघोळ घातली आणि स्वतःच्या आंघोळीला खाली नळावर गेले. गडी दाढ्या करत होते. "मी वर फुलं ठेवून येते," म्हणून कालिंदी निघाली. एका हातात शेवंतीची परडी, दुसऱ्या हातात पानाची घडी, आणि घडीत खळीचा एक गोळा, सुपारीएवढा.

वरची खोली रिकामी होती. वळकट्या भिंतीला लावलेल्या. देवळीत कातळोबा ओलाचिंब, काळा, लुकलुकणारा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाकळ्यांनी त्याच्या छातीवर दोन जागा गुळगुळीत झाल्या होत्या. कालिंदी समोर बसली. डावी पडता कामा नये. म्हणजे डावीला चिकटवायचं. तिनं आपल्या डाव्या हाताकडची जागा निवडली आणि खळीचा पातळ लेप बोटानं सारवला, तिथली दगडाची चमक जाईल इतकाच.

मग तिला भीती वाटली. तिनं हात जोडले. "देवा, रागावू नकोस," ती कुजबुजली. "तू तरी कातळगावचाच ना? बोटीत बसून इथं आलास, आणि परत कुठं गेलास?"

तिनं परडी देवासमोर ठेवली आणि पानाची घडी पदराआड दडवली.

ती खाली आली. मावशी ओल्या नारळाच्या वाटीत गूळ भरून नैवेद्य मांडत होती. "मी ठेवून येते," मावशी म्हणाली, आणि गुडघ्यांवर हात टेकत वर गेली. नैवेद्य ठेवायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा तिला जरा जास्तच लागला. पण मावशीचे गुडघे दुखतात, हे सगळ्या चाळीला माहीत होतं.

मग सगळे वर जमले. गडी धुतलेल्या धोतरांत दाटीवाटीनं बसले. दत्ताराम सगळ्यांत पुढं, टोपी नीट करून. बायकांची जागा दाराशी. तिथं मावशी आणि कालिंदी. नानांनी कंबरेला पंचा गुंडाळला, शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवाच्या छातीवर दाबून लावल्या. नानांची नजर आता गिरणीतलं सूत पाहण्यापुरतीही धड उरली नव्हती; दगडाचा काळेपणा कुठं जरा फिका आहे हे त्यांना कुठलं दिसायला?

त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा कातळोबा म्हाराजा! डोंगराच्या धन्या, वाटेच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" खोली घुमली.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या आमच्या चेडवाक हंय ठेवचा, का गावाक धाडूचा, ता तू सांग. हंय ऱ्हवाचा असात तर उजवी दी..." आणि नानांनी हात उचलून पाकळी दाखवली.

कालिंदी टाचा उंचावून पाहू लागली. नाना दाखवत होते ती पाकळी तिच्या डाव्या हाताकडची होती.

देवाचा उजवा! देव आपल्याकडं तोंड करून बसलेला, तेव्हा त्याचा उजवा तो आपला डावा. कौल लावायला आजवर पुरुष बसत आले. बाया दाराशी उभ्या राहून नुसतं 'व्हय म्हाराजा' म्हणत आल्या. देवाची उजवी बाजू कुठली हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं आपल्याच हातानं, आपल्याच मुंबईला, अशी काही खळ लावून ठेवली होती की ती पाकळी आता पुढच्या निवडणुकीपर्यंत पडणार नव्हती.

"...गावाक जावचा असात तर डावी दी!"

"व्हय म्हाराजा," कालिंदी म्हणाली. आवाज असा फुटला की बाप वळून पाहू लागला.

आता डावी पडेल. साध्या पाण्यानं लावलेली पाकळी, ती किती टिकणार? ती वाळत जाणार, कडेनं सुटणार, आणि टपकन खाली. कालिंदीला डोळ्यांसमोर तागडी दिसायला लागली. तागडीमागं चिंतामणी, चिंतामणीच्या डोक्यावर टक्कल.

पण डावी पडेना.

माणसं वाट पाहत राहिली. नानांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा!" पुन्हा सगळे टक लावून बसले. उन्हाची तिरीप देवळीवरून सरकून वळकट्यांवर गेली. तिसऱ्या गाऱ्हाण्याला 'म्हाराजा' कमी आणि जांभया जास्त. खालून मावशीच्या चुलीवरच्या वाटाण्याच्या उसळीचा वास जिना चढून आला, आणि पोटं देवाच्या आधी बोलायला लागली.

"काय झाला काय देवाक?" दत्ताराम पुटपुटला.

"घाई करू नुको. मोठो प्रश्न आसा," नाना म्हणाले. पण त्यांच्याही कपाळावर घाम होता. ह्या खोलीत इतका वेळ देवानं कधी घेतला नव्हता. म्हशीच्या वेळीसुद्धा नाही.

कालिंदीनं मावशीकडं पाहिलं. सगळी खोली देवाकडं बघत होती, आणि मावशी आढ्याकडं बघत होती. कोळ्याचं जाळं मोजावं तशी.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. रखमा दारात आली, काखेत खळीचं पातेलं.

"मावशी, पातेलं नेते गं! सगळे खाली खोळंबलेत. आणि खळीच्या सायीत भोकं कुणी पाडली? हे बघ, एक बारीक बोटाचं, आणि एक हे एवढं अंगठ्याचं! लहान पोर शिरलं होतं की काय गॅलरीत?"

कालिंदीनं आपलं बारीक बोट पदरात लपवलं. आणि तेव्हाच तिला दिसलं, मावशीनं आपला उजवा अंगठा मुठीत घेतला होता. मोडून जुळलेल्या मनगटाचा, जाडजूड, विझलेल्या शेगडीसारखा अंगठा, आणि त्याच्या नखाच्या कडेला पांढरं काहीतरी वाळलेलं.

बारा कोनाची भाकरी म्हणणारी मावशी! गेली की सुटले म्हणणारी मावशी! तिनं बरोबर देवाच्या डावीलाच, कातळगावच्या बोटीलाच, खळ लावली होती. कालिंदीला एकाच वेळी हसू फुटलं आणि रडू. दोन्ही आत ढकलताना तिला ठसका लागला.

गुणाजी नानांची नजर गेली होती, कान शाबूत होते. त्यांनी रखमाच्या पातेल्याकडं मान वळवली. मग हळूच देवाकडं. मग दाराशी, मावशीकडं. मावशी अजून आढ्यात. मग ठसकणाऱ्या कालिंदीकडं. त्यांच्या पांढऱ्या मिशीचं एक टोक जरा वर गेलं आणि पुन्हा खाली आलं.

"आत ये गो, बस," ते रखमाला म्हणाले.

"नको नाना," रखमा म्हणाली, "तुमच्या देवांची नि आमची आता बोलचाल नाही. तुमचं चालू द्या."

"चालता खंय?" नाना म्हणाले आणि उठून उभे राहिले. "मंडळी, ऐका. देवान तोंड मिटलान. उजवी नाय, डावी नाय. आता रिवाज काय सांगता? देव मुको ऱ्हवलो, तर ज्येचो प्रश्न तेनाच बोलाचा."

"असो रिवाज खंय आसा?" दत्ताराम म्हणाला.

"तुझ्या आज्याच्या वेळेक होतो."

"माका कोणी सांगूक नाय."

"तू विचारलंस कधी?" नाना कडाडले. मग मऊ झाले. "कालिंदे, बोल बाये. तुका काय होया?"

सगळी डोकी दाराकडं वळली. एवढ्या पुरुषांच्या नजरा एकदम अंगावर येणं म्हणजे काय हे तिला आज कळलं. जन्मात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. देवाला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, चिंतामणीच्या बापाला तर दोनदा विचारलं. जात्यावर ओव्या घालणं सोपं. जातं बोलून दाखवत नाही.

रखमा दारातून तिच्याकडं बघत होती. पातेलं जड असूनही तिनं ते खाली ठेवलं नव्हतं.

"बाबा," कालिंदी म्हणाली, "माका हंयच ऱ्हवाचा आसा."

बापानं वळून तिच्याकडं पाहिलं, म्हणून तिला पुढं बोलावंच लागलं. "माका चिंतामणीचो राग नाय. पण बाबा, त्या खिडकीतसून माका माझा सगळा दिसता. घर दिसता, चूल दिसता, मी म्हातारी होवन ओट्यार बसलेली दिसतंय. मी बगलंय ता सगळा. बगून झाला. आता ता जगूक कित्याक जावचा?"

दत्तारामनं टोपी काढली, मांडीवर ठेवली. "आणि मी?" तो म्हणाला. इतक्या हळू, की मागच्या रांगेतल्यांना वाटलं तो नुसता खोकला. "तुझी आवस गेली. तुका खाडीपलीकडे दिलंय तर वर्साक एकदा दिसतलंस. समोर दिलंय तर रातीक तुझ्या घरातलो दिवो तरी दिसात. मी शब्द दिलंय तो काय चिंतामणीसाठी?"

कालिंदीनं बापाला इतकी वर्षं खिडकीशी यंत्र चालवताना पाहिलं होतं. तो समोर का बघत असतो, हे तिला आत्ता कळलं. तिचा धीर सुटला. एक पाऊल ती मागं सरकली, आणि तोंडात 'होय बाबा' येऊन उभंसुद्धा राहिलं.

तेव्हा मालन मावशी आढ्यातून खाली उतरली. "भावोजी," ती म्हणाली, "माझ्या बहिणीक गावातल्या गावातच तुमका दिलेली. ती पण म्हणा होती, एकदा मुंबय बघतंय. मी दर सालाक बोलवलंय, ती दर सालाक 'पुढच्या सालाक' म्हणाली. तिच्या वाटची भाकरी मी कितीदा थापलंय, तुमका ठाव नाय."

दत्ताराम टोपीच्या शिवणीवरून बोट फिरवू लागला.

"ऱ्हवान करतलंस काय?" शेवटी दत्तारामनं लेकीला विचारलं.

"सकाळची मावशीबरोबर भाकऱ्यो. दुपारची शिवण. हंय बायांका पोलकी शिवून देणारा कोण नाय. रखमाच्या चाळीतल्यो सात-आठजणी वाट बघतत."

दत्तारामनं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "म्हणजे माझाच काम शिकलंस," तो म्हणाला, "आणि माझ्यावरच कात्री चालवलंस!"

पहिल्यांदा नाना हसले, मग डाळ करपलेला हसला, मग सगळेच. आणि हसणाऱ्या गड्यांत कुणीतरी ओरडलं, "म्हाराजा, आता उसळ!" आणि कुणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा!" आणि खोली जिन्यानं खाली ओघळली. मागं राहिले ते नाना. पाकळ्या काढायला त्यांना कालथा लागला, असं रखमा नंतर सांगे; पण ती देवळीपर्यंत गेलीच नव्हती, तेव्हा तिला कसं कळणार?

सोमवारी पहाटे कालिंदी बापाला पोचवायला भाऊच्या धक्क्यावर गेली. आगबोट भोंगा देत होती. करंड्या, कोंबड्या, ट्रंका, आणि परत जाणारी माणसं. बापलेक एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून होती. बोलण्यासारखं सगळं काल बोलून झालेलं.

"समोरच्यांका काय सांगशात?" तिनं विचारलं.

"सांगान, देवान उजवी दिलान."

"पण देवान खंय दिलान?"

"थंयसून कोण बघूक इल्लो?" दत्ताराम म्हणाला आणि समुद्राकडं पाहू लागला. त्याच्या डोळ्यांच्या कडेला, म्हातारपणी पहिल्यांदाच, चोरट्या पोराचं हसू होतं. मग ते गेलं. "शिमग्याक ये. नाय आलंस तर मी येतलंय, आणि मग काय कौलबिल नाय."

तिनं वाकून पाया पडायला हात पुढं केला तर त्यानं तिच्या बाहीची शिवण चिमटीत धरून उलटी करून पाहिली. टाका बघितला. "बारीक घाल," तो म्हणाला, आणि बोटीच्या फळीवर चढला. वर जाऊन तो कठड्याशी उभा राहिला नाही, आत गेला. तिला ते बरं वाटलं आणि वाटलंही नाही.

बोट दिसेनाशी झाल्यावर ती परत निघाली. डोळे पुसत निघाली म्हणून असेल, पण वळायचं तिथं ती वळली नाही. थोड्या वेळानं पाहते तर दोन्ही बाजूंना लाकडाच्या वखारी. सागाचे ओंडके ढिगानं रचलेले, करवतीची घरघर, भुशाचा कोवळा, गोडसर वास. कुठल्या बाजूनं आलो ते कळेना. कुठल्या बाजूला जायचं तेही कळेना. एक चेहरा ओळखीचा नाही, एक पाटी वाचलेली नाही.

कालिंदी थांबली. ती वाट चुकली होती.

जन्मात पहिल्यांदा! कातळगावात वाट चुकायची सोयच नव्हती. एकच रस्ता, चुकणार कशी? बाप बोटीनं गेल्याचं दुःख होतंच. पण त्याच्या खाली कुठंतरी पोहायला उतरल्यासारखं गार, नवं काहीतरी होतं. तिकडं मावशी चुलीशी बसून शिव्या मोजत असणार, भाकऱ्यांचं पीठ तसंच असणार, गडी ताटं वाजवत असणार.

वखारीच्या दाराशी एक म्हातारा कामगार फडक्यानं अंगावरचा भुसा झटकत होता. "काय बाई, चुकलीस का?" तो म्हणाला. "कुठं जायचंय?"

"लालबागला, काका."

"मग हा काय, असा सरळ जा, डावीकडं वळ, काळाचौकी, की आलंच."

कालिंदीनं त्या सरळ रस्त्याकडं पाहिलं. मग पदर खांद्यावरून नीट घेतला.

"काका," तिनं विचारलं, "आणि लांबून जायचं असेल तर?"